स्वयंचलित संदेश आणि सभासदांची यादी

बहुतेक व्यावसायिक संघटनांना सभासदाची आठवण वर्षातून दोनदा होते. एकदा वर्गणीच्या वेळी आणि एकदा वार्षिक सर्वसाधारण सभेच्या सूचनेच्या वेळी. अधिवेशनाचे वर्ष असेल तर स्मरणिकेच्या जाहिरातीसाठी तिसरे पत्र निघते. आयुर्वेदीय व्यावसायिकांच्या संघटना ह्याला अपवाद आहेत असे आम्हांस म्हणवत नाही. परिणामी संघटनेच्या नावाचे पाकीट हाती आले की आत काय असणार हे न उघडताच कळते, आणि नव्याने व्यवसायात आलेला वैद्य ‘संघटना आम्हांला देते तरी काय?’ असे विचारू लागतो. प्रश्न कटू आहे, पण गैरवाजवी नाही.

ह्यावर उपाय म्हणून स्वयंचलित संदेशव्यवस्थेचा पुरस्कार आता सर्वत्र होऊ लागला आहे. अशी व्यवस्था पुरविणाऱ्या कंपन्यांचे सांगणे थोडक्यात असे की, सभासदांची माहिती एकदा संगणकात भरावी; मग प्रत्येकाला त्याच्या नावाने, त्याच्या विषयाचा, त्याला सोयीच्या वेळी संदेश आपोआप जाईल आणि कार्यवाहांचे श्रम वाचतील. ह्यात तथ्य आहे. परंतु ही व्यवस्था चालते कशी आणि ती कोणाच्या हाती किती सोपवावी, ह्याचा विचार करार होण्यापूर्वी व्हावयास हवा. हा विषय वैद्यांइतकाच फार्मसीचालकांचाही आहे; किंबहुना लेखाचा उत्तरार्ध आम्ही विशेषत्वाने त्यांच्यासाठी लिहीत आहोत.

नोंद, नियम आणि साचा

व्याधी एकच असला तरी रुग्णाची प्रकृती, बल, वय, देश आणि काल पाहून योजना बदलावी लागते, हे आपणांस सांगण्याची आवश्यकता नाही. व्यक्तिसापेक्ष संदेशाची मूळ कल्पना ह्याहून फार निराळी नाही. फरक इतकाच की वैद्य रुग्णाला प्रत्यक्ष पाहतो. यंत्र केवळ नोंदवही पाहते. नोंदवहीत जे नाही ते यंत्राच्या दृष्टीने जगात नाही.

व्यवस्थेची अंगे तीन. पहिले अंग म्हणजे सभासदाची नोंद : नाव, पत्ता, जिल्हा, परिषदेकडील नोंदणी क्रमांक, पदव्युत्तर विषय, सभासदत्वाचा प्रकार, वर्गणीची मुदत. दुसरे अंग नियमाचे : अमुक घडले, त्यानंतर इतके दिवस लोटले आणि तमुक घडले नाही, तर हा संदेश पाठवावा. तिसरे अंग मजकुराचा साचा, ज्यात नाव, तारीख, रक्कम ह्यांच्या जागा रिकाम्या ठेवलेल्या असतात. संदेश एसएमएसने जावो, ई-मेलने जावो वा व्हॉट्सअ‍ॅपने, आतील रचना हीच असते. पुढे यादीचे गट पाडता येतात. पंचकर्म करणाऱ्यांना पंचकर्माच्या कार्यशाळेची सूचना, कौमारभृत्याच्या वैद्यांना त्या विषयाच्या परिसंवादाची, आणि कोल्हापूरच्या सायंकालीन व्याख्यानाचे निमंत्रण कोल्हापूर, सांगली व साताऱ्यापुरते. चंद्रपूरच्या वैद्याला त्याचा त्रास कशाला?

साचा मराठीतून करावयाचा तर एक अडचण येते, जी तयार व्यवस्था विकणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. आपल्या भाषेत नामाला प्रत्यय लागताना त्याचे सामान्यरूप होते. यंत्र रिकाम्या जागी नुसते नाव ठेवते आणि पुढे साच्यातील प्रत्यय येतो. मग ‘पुण्यातील वैद्यांसाठी’ असे व्हावे तेथे ‘पुणेतील वैद्यांसाठी’ होते आणि साताऱ्याचे ‘सातारातील’ होते. असा संदेश वाचणाऱ्याला तो माणसाने लिहिलेला नाही हे पहिल्याच ओळीत कळते, आणि आपलेपणाचा सारा खटाटोप तेथेच संपतो. उपाय सोपा आहे. गावाचे नाव प्रत्ययाविना यावे, जसे ‘जिल्हा : सातारा’, आणि व्यक्तिनामापुढे ‘यांना’, ‘यांचे’, ‘यांनी’ अशी सर्वनामे वापरावीत, म्हणजे नाव जसेच्या तसे राहते. नोंदवहीत आडनाव आधी असेल तर ‘प्रिय देशपांडे’ अशी सुरुवात होते. साठी उलटलेल्या वैद्याला हे संबोधन उद्धटपणाचे वाटल्यास त्यात नवल नाही. कोणी स्वतःस ‘वैद्य’ म्हणवतात, कोणी ‘डॉक्टर’. कोणास काय आवडते हे विचारून नोंदवून ठेवावे. यंत्राला विचारता येत नाही, शाखेच्या चिटणिसाला येते.

वर्गणीचे स्मरण

स्वयंचलनाचा सर्वांत निर्विवाद उपयोग वर्गणीच्या नूतनीकरणात होतो. मुदत संपण्याच्या दोन महिने आधी एक सूचना, पंधरा दिवस आधी दुसरी, मुदत उलटल्यावर महिन्याने एक शेवटची, आणि त्यानंतर शाखेतील कोणा परिचिताचा दूरध्वनी. ही साखळी बसवणे कठीण नाही. कठीण आहे ती वेळच्या वेळी थांबवणे. सभासदाने शाखेत धनादेश दिला, कोषाध्यक्षांनी तो महिनाअखेरीस वहीत चढवला, तर मधल्या काळात यंत्र त्या सभासदाला थकबाकीदार समजून दोन वेळा तगादा लावते. ज्याने वेळेवर पैसे भरले त्यालाच हा मनस्ताप होतो! म्हणून यंत्राची गती वाढविण्यापूर्वी कोषाध्यक्षांच्या वहीची गती वाढवावी लागते. आजीव सभासदांस वर्गणीचे स्मरणपत्र जाणे हा असाच एक नेहमीचा प्रमाद. सभासदत्वाचा प्रकार नोंदीत स्वतंत्र रकान्यात नसला की तो हमखास घडतो.

ह्याहून गंभीर बाब निधनाच्या नोंदीची. वाढदिवसाचे शुभेच्छासंदेश आपोआप पाठवण्याची सोय सर्वच व्यवस्थांत असते आणि पदाधिकाऱ्यांना ती मोठी आवडते. परंतु दिवंगत वैद्यांच्या भ्रमणध्वनीवर, जो आता त्यांच्या पत्नीच्या वा मुलाच्या हाती आहे, संघटनेकडून ‘शतायुषी व्हा’ असा संदेश गेला तर त्या घराला काय वाटेल ह्याची कल्पना करावी. ह्याच त्रैमासिकासारख्या अंकांतून श्रद्धांजली छापली जाते आणि तरीही नोंदवहीत ते नाव चालूच राहते, असे होऊ शकते. श्रद्धांजलीचा मजकूर छपाईस जाताना नोंद बंद करण्याचे काम कोणा एकाकडे नेमून दिलेले असावे. जेथे असे नेमलेले नाही तेथे वाढदिवसाचे संदेश सुरूच करू नयेत असे आमचे मत आहे.

दिनदर्शिकेचेही तसेच. यंत्राला इंग्रजी तारीख कळते, तिथी कळत नाही. धन्वंतरी जयंतीचा संदेश दरवर्षी हाताने बसवावा लागतो. त्यात राष्ट्रीय आयुर्वेद दिन २०१६ पासून धनत्रयोदशीस साजरा होत असे, तो २०२५ पासून २३ सप्टेंबर ह्या निश्चित तारखेस होऊ लागला. जुना नियम तसाच ठेवणाऱ्या संघटनेकडून एकाच दिनाच्या शुभेच्छा दोन वेगवेगळ्या दिवशी जाण्याचा संभव आहे.

नव्या सभासदाच्या पहिल्या वर्षाकडे आम्ही विशेष लक्ष वेधू इच्छितो. जुना सभासद सवयीने वर्गणी भरतो. नवा मात्र पहिल्या वर्षात काय मिळाले हे पाहून ठरवतो. त्याला प्रवेशानंतर आठवड्याभरात स्वागताचे पत्र, महिन्याभरात शाखेच्या पदाधिकाऱ्यांची नावे व बैठकीचे ठिकाण, तीन महिन्यांनी त्याच्या विषयाच्या जवळच्या कार्यक्रमाची माहिती आणि नोंदणी-नूतनीकरणाच्या कागदपत्रांविषयी एखादे उपयुक्त टिपण, असा क्रम ठेवला, तर वर्गणीचे पत्र हे संघटनेचे पहिले पत्र ठरत नाही. ह्यातील एकाही संदेशात काही विकावयाचे नसते, म्हणूनच तो वाचला जातो.

कायद्याच्या मर्यादा

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार व्यावसायिक एसएमएस पाठवणाऱ्या प्रत्येक संस्थेला आपली नोंदणी करावी लागते. संदेशावर दिसणारे नाव आणि मजकुराचा साचा ही दोन्ही आधी मंजूर करून घ्यावी लागतात. वर्गणीची पावती आणि एखाद्या वस्तूची जाहिरात हे दोन भिन्न प्रकार मानले जातात आणि ज्यांनी जाहिराती नकोत असे नोंदवले आहे त्यांना दुसऱ्या प्रकारचा संदेश जात नाही. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हावयाच्या आहेत. संमती कशासाठी घेतली हे स्पष्ट सांगणे, आणि ती जितक्या सहजतेने दिली तितक्याच सहजतेने परत घेता येणे, हे त्याचे मर्म. संमतीपूर्वीची सूचना मराठीतही उपलब्ध करून द्यावी लागेल, कारण राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांचा त्यात अंतर्भाव आहे.

परंतु आपल्या व्यवसायाला ह्या दोहोंहून जवळचा कायदा जुनाच आहे. औषधे व जादूटोण्याचे उपाय ह्यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा १९५४ चा कायदा फार्मसीचालकांस परिचित आहे. त्यातील ‘जाहिरात’ ह्या शब्दाची व्याख्या इतकी विस्तृत आहे की सूचनापत्र, परिपत्रक, वेष्टन ह्यांखेरीज प्रकाश, ध्वनी आणि चक्क धूर ह्यांच्या साहाय्याने केलेली घोषणाही तीत येते. तेव्हा भ्रमणध्वनीवरचा संदेश तीतून सुटेल अशी आशा कोणी बाळगू नये. त्याच कायद्याच्या परिशिष्टातील ५४ विकारांत मधुमेह, स्थौल्य, मोतीबिंदू, पक्षाघात ह्यांचा समावेश आहे, आणि त्यांवरील उपचाराची जाहिरात जनतेपुढे करण्यास बंदी आहे. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाला गोपनीय रीतीने, विहित पद्धतीने पाठविलेली माहिती मात्र कलम १४ नुसार ह्यातून वगळलेली आहे.

आता संघटनेची यादी पाहावी. तीत नोंदणीकृत वैद्य आहेत, तसेच विद्यार्थी सभासद आहेत, देणगीदार व हितचिंतक आहेत, औषधविक्रेते आहेत, व्यवस्थापक आहेत. प्रमेहावरील एखाद्या कल्पाची माहिती संपूर्ण यादीला एका कळीसरशी गेली, तर जे वैद्यांपुरते शास्त्रीय निवेदन होते ते इतरांच्या हाती पडताच आक्षेपार्ह जाहिरात ठरू शकते. शिवाय विहित पद्धतीचे नियम टपालाचा काळ डोळ्यांपुढे ठेवून केलेले आहेत. त्यांत टपालाने व्यावसायिकाच्या नावाने पाठविणे आणि माथ्यावर ठळक, न पुसणारी सूचना छापणे अभिप्रेत आहे. व्हॉट्सअ‍ॅपचा संदेश पुढे ढकलण्यास एक क्षण पुरतो, तेव्हा तेथे गोपनीयतेचा दावा कितपत टिकेल ह्याविषयी कायदेतज्ज्ञाचा सल्ला घेतल्याविना असा संदेश पाठवू नये. यादीचे गट पाडणे ही विक्रीची युक्ती म्हणून शिकवली जाते. आपल्याकडे ती त्याआधी कायद्याची गरज आहे.

अमेरिकेतील नोंदवही

यादीचे पुढे काय होऊ शकते हे पाहावयाचे तर अमेरिकन मेडिकल असोसिएशनचे उदाहरण बोलके आहे. डॉक्टरांची ही संघटना १९०६ पासून देशातील सर्व डॉक्टरांची, सभासद नसलेल्यांचीही, नोंदवही ठेवीत आली आहे. शिक्षण, परवाना, विषय, व्यवसायाचा पत्ता अशा साध्या, वरवर निरुपद्रवी नोंदी तीत असतात. तिकडे औषधदुकाने आपल्याकडील चिठ्ठ्यांच्या नोंदी माहिती-संकलक कंपन्यांना विकत. रुग्णाचे नाव काढलेले असे, डॉक्टरचा सांकेतिक क्रमांक राहिलेला असे. आयएमएस हेल्थसारख्या कंपन्या हा क्रमांक संघटनेच्या नोंदवहीशी जुळवीत आणि कोणता डॉक्टर कोणते औषध किती लिहितो ह्याचे चित्र औषध कंपन्यांना विकत. कंपनीचा प्रतिनिधी दवाखान्याची पायरी चढे तेव्हा समोरच्या डॉक्टरची लेखणी कोठे वळते हे त्याला आधीच ठाऊक असे. कोणाला नमुने द्यावे, कोणाचा पाठपुरावा करावा, कोणाला सोडून द्यावे, हे सारे त्यावरून ठरे. व्यक्तिसापेक्ष विपणन म्हणतात ते हेच, आणि त्याचा एक पाय डॉक्टरांच्याच संघटनेत होता. नोंदवहीच्या परवान्यांपासून संघटनेला २००५ मध्ये ४ कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न मिळाले.

बऱ्याच डॉक्टरांना हे ठाऊकच नव्हते. कळल्यावर असंतोष झाला तेव्हा संघटनेने २००६ मध्ये, आपल्या चिठ्ठ्यांची माहिती प्रतिनिधींना दाखवू नये असे डॉक्टरला कळवता येईल, अशी सोय केली. म्हणजे डॉक्टर गप्प राहिला तर त्याची माहिती चालूच राहणार. न्यू हॅम्पशायर राज्याने २००६ मध्ये आणि व्हर्माँटने २००७ मध्ये ह्या व्यवहारास आळा घालणारे कायदे केले. व्हर्माँटने डॉक्टरची पूर्वसंमती मागितली होती. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो कायदा सहा विरुद्ध तीन मतांनी, अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आधारे, रद्द केला. ह्या प्रकरणात संघटनेने कायदा मोडला असे कोणी सिद्ध केले नाही. सभासदांच्या मनातून मात्र काही उतरले ते उतरलेच.

आपल्याकडे चिठ्ठ्यांची अशी बाजारपेठ आयुर्वेदात उभी राहिलेली नाही. परंतु तिचे दोन्ही भाग अस्तित्वात आहेत. कोणत्या वैद्याने वर्षात किती महायोगराज गुग्गुळ, किती च्यवनप्राश, किती वातविध्वंस रस मागवला हे फार्मसीच्या बिलांत असते. जे वैद्य स्वतः औषधे सिद्ध करतात त्यांच्या बाबतीत हेच काष्ठौषधींच्या दुकानातील वहीत असते. संघटनेच्या नोंदवहीत त्या वैद्याचा विषय, पदवी, वय, गाव असते. ही दोन पुस्तके एकमेकांशेजारी ठेवली की वैद्याच्या चिकित्सेचे आणि काही अंशी त्याच्या रुग्णांचेही चित्र उभे राहते. लहान गावात एकच वैद्य असेल तर तेथील रुग्ण ओळखूही येतात.

फार्मसीचालकांची बाजू आम्ही समजू शकतो. नवा कल्प सिद्ध केला, त्याची माहिती वैद्यांपर्यंत पोहोचवावयाची, तर संघटनेची यादी हाच सरळ मार्ग दिसतो. त्यातून अधिवेशनांचा खर्च पुष्कळदा तेच उचलतात; मग यादी मागितली तर बिघडले कोठे, असे त्यांना वाटणे स्वाभाविक आहे. आमची सूचना अशी की, यादी संघटनेच्या बाहेर जाऊच नये. फार्मसीने मजकूर द्यावा, संघटनेच्या शास्त्रीय समितीने तो पाहावा, आणि ज्या नोंदणीकृत वैद्यांनी अशी माहिती हवी म्हणून कळविले आहे त्यांनाच संघटनेने तो पाठवावा. किती जणांना गेला, किती जणांनी अधिक विचारणा केली, एवढा आकडा फार्मसीला कळावा. नावे कळू नयेत. विचारणा करणारा वैद्य स्वतःहून आपले नाव देईलच. अशा मार्गाने फार्मसीला थोडी नावे मिळतील, पण ती ऐकू इच्छिणाऱ्यांची असतील. संदेशाच्या शुल्काची नोंद वार्षिक हिशेबात स्वतंत्र शीर्षाखाली यावी, म्हणजे संघटनेचे किती उत्पन्न ह्या वाटेने येते ते प्रत्येक सभासदास दिसेल.

मजकुरावर ‘संघटनेची शिफारस नाही’ हे स्पष्ट असणेही तितकेच आवश्यक. ह्याच अमेरिकन संघटनेने १९९७ मध्ये सनबीम ह्या कंपनीच्या घरगुती आरोग्य-उपकरणांना आपले नाव देण्याचा करार केला होता. सभासद इतके संतापले की संघटनेला करारातून माघार घ्यावी लागली आणि पुढील वर्षी ९९ लाख डॉलर देऊन ते प्रकरण मिटवावे लागले. संघटनेच्या नावाने आलेला संदेश वाचणारा त्याखालची बारीक अक्षरे वाचत नाही; तो नाव वाचतो.

सभासदत्वाच्या अर्जात ह्यासाठी तीन स्वतंत्र प्रश्न पुरेसे होतील : संघटनेच्या कामकाजाच्या सूचना कोणत्या मार्गाने हव्यात, शैक्षणिक कार्यक्रमांची माहिती हवी का आणि कोणत्या विषयांची, औषधनिर्मात्यांची माहिती संघटनेमार्फत हवी का. तिसऱ्या प्रश्नाची चौकट आधीच खूण करून छापू नये. जुन्या आजीव सभासदांच्या अर्जांत हे प्रश्न नव्हते, कारण ते भरले तेव्हा भ्रमणध्वनीच नव्हते. त्यांना पुढील अंकासोबत एक छापील पत्रक, जोडीला पत्ता लिहिलेले पाकीट घालून, टपालानेच पाठवावे. ज्यांचे उत्तर येणार नाही त्यांना सभेची सूचना आणि त्रैमासिक मिळत राहील; तिसऱ्या गटात त्यांचे नाव घालू नये.